कर्नल ऑल्कॉट : रोजनिशीत न आलेली बेचाळीस वर्षे

बुद्ध पौर्णिमा जवळ आली की वस्तीवस्तीत पंचरंगी ध्वज दिसू लागतात. विहाराच्या कमानीवर, रिक्षाच्या टपावर, मिरवणुकीत लहान मुलांच्या हातात. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि शेवटी या पाचही रंगांचा एकत्र पट्टा. हा ध्वज कोणी तयार केला असे शिबिरात विचारले की एक-दोन हात वर होतात आणि उत्तर येते, कर्नल ऑल्कॉट. कोण होते हे कर्नल? अमेरिकन होते, थिऑसॉफिस्ट होते, श्रीलंकेत त्यांनी शाळा काढल्या. बहुतेकांची माहिती इथेच संपते. कुठल्या फौजेचे कर्नल, घरी कोण होते, बायकामुलांचे काय झाले, हे कोणी सांगत नाही.

आधी ध्वजाचा खुलासा करतो, कारण ही चूक आपल्याच पत्रकांतून पुन्हा पुन्हा छापली जाते. हा ध्वज ऑल्कॉट यांनी तयार केला नाही. १८८५ साली कोलंबोतल्या एका समितीने तो तयार केला. त्या समितीत हिक्कडुवे सुमंगल महाथेर होते, पानदुरच्या वादविवादात ख्रिस्ती पाद्र्यांना निरुत्तर करणारे मोहोट्टिवत्ते गुणानंद भिक्खू होते, अनागरिक धम्मपालांचे वडीलही होते. ऑल्कॉट यांची सूचना एवढीच होती की समितीने ठरवलेला लांबलचक पताकेचा आकार गैरसोयीचा आहे, तो इतर देशांच्या ध्वजांसारखा आटोपशीर करावा. ती सूचना मान्य झाली. सिंहली बौद्धांनी स्वतःच्या बुद्धीने केलेल्या कामाचे श्रेय एका गोऱ्या माणसाच्या नावावर जमा व्हावे आणि ते आपणही बिनधास्त सांगत राहावे, हे बरे नाही.

म्हणून या माणसाचे नेमके काम कोणते आणि ते त्याला कसे जमले, हे शोधायला हवे. शोधायला बसलो की पहिली अडचण खुद्द ऑल्कॉटच उभी करतात. त्यांनी आपल्या रोजनिशीच्या आधारे आठवणींचे सहा खंड लिहिले. पहिला खंड सुरू होतो १८७४ साली, तेव्हा त्यांचे वय होते बेचाळीस. त्याआधीचे बालपण, शेती, युद्ध, लग्न यांना त्या मोठ्या ग्रंथात जवळजवळ जागाच नाही. हा भाग दुसरीकडून जुळवावा लागतो : शेतीवरची पुस्तके, वर्तमानपत्रातली नोकरी, युद्ध खात्यातले काम. तो जुळवला की श्रीलंकेतले कर्नल वेगळेच दिसू लागतात.

हेन्री स्टील ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज या गावी झाला. वडील हेन्री विकॉफ ऑल्कॉट व्यापारी होते, आई एमिली स्टील. सहा भावंडांत हा थोरला. घराण्याचे मूळ सतराव्या शतकात इंग्लंड सोडून आलेल्या थॉमस ऑल्कॉट या प्युरिटन माणसापर्यंत जाते. घर प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा कडक शिस्तीचा पंथ. त्यात मुलांना धर्म शिकवायची पद्धत ठरलेली : छोटा प्रश्न, छोटे उत्तर, आणि मुलाने ते तोंडपाठ करायचे. या पद्धतीच्या पुस्तिकेला कॅटेकिझम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कोलंबोत तो पुन्हा भेटणार आहे.

हेन्री न्यूयॉर्कला कॉलेजात शिकायला गेला, पण वडिलांचा धंदा बुडाला आणि पदवी न घेताच त्याला बाहेर पडावे लागले. घरातला थोरला मुलगा, फीचे पैसे नाहीत, शिक्षण अर्धवट. ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी घरांना समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की त्याच्या पाठीशी गोरेपण होते, नातेवाईक होते आणि मोकळी जमीन होती. तो ओहायो राज्यात शेतीवर गेला. तिथल्या नातलगांच्या संगतीत त्याला मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांची आणि मेस्मेरिझमची गोडी लागली. हा नाद आयुष्यभर सुटला नाही.

शेती मात्र तो मनापासून शिकला. न्यूयॉर्कजवळ त्याने शास्त्रीय शेतीची शाळा चालवली आणि १८५७ साली, पंचविशीत, त्याचे पहिले महत्त्वाचे पुस्तक आले. त्याचा विषय होता गोड ज्वारी. आपण जिची भाकरी खातो तिच्याच कुळातली, चीन आणि आफ्रिकेतून आलेली, रसाळ ताटांची ज्वारी. तिच्या रसापासून काकवी आणि साखर कशी करायची हे त्यात होते. त्या वेळी लुइझियानातला ऊस गुलामांच्या श्रमावर पिकत होता आणि उत्तरेच्या थंड हवेत ऊस होत नव्हता. उत्तरेतल्या शेतकऱ्याला स्वतःच्या रानात गोडवा पिकवता येईल, हे सांगणाऱ्या पुस्तकाला तेव्हा नुसत्या शेतीपलीकडचाही अर्थ होता.

त्यानंतर तो न्यूयॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्रात शेतीविषयक संपादनाच्या कामाला लागला. ट्रिब्यून गुलामगिरीच्या विरोधातले मोठे पत्र. दक्षिणेत त्याच्या बातमीदाराला जिवाची भीती असे. १८५९ साली जॉन ब्राऊन या गोऱ्या माणसाने गुलामांना मुक्त करण्यासाठी व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी इथल्या शस्त्रागारावर हल्ला केला. तो पकडला गेला आणि २ डिसेंबर १८५९ ही फाशीची तारीख ठरली. ही फाशी डोळ्यांनी पाहून लिहायचे काम सत्तावीस वर्षांच्या ऑल्कॉटने अंगावर घेतले. ट्रिब्यूनचा माणूस म्हणून गावात शिरणे अशक्य होते. तेव्हा तो पीटर्सबर्गच्या एका स्वयंसेवक पलटणीत सामील झाला आणि पहारा देणाऱ्यांपैकीच एक बनून फाशीच्या मैदानापर्यंत पोचला. पुढे जन्मभर कर्नल म्हणवल्या गेलेल्या या माणसाने पहिला गणवेश चढवला तो बातमीसाठी, आणि तोही गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूचा.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६० मध्ये, त्याचे लग्न झाले. पत्नी मेरी एपली मॉर्गन न्यू रोशेल इथल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. या जोडप्याला चार मुले झाली. दोन लेकरे तान्हेपणीच गेली, मॉर्गन आणि विल्यम हे दोन मुलगे जगले.

लग्नाला वर्ष होत नाही तोच अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. ऑल्कॉट उत्तरेच्या फौजेत गेले आणि १८६२ मध्ये जनरल बर्नसाइड यांच्या उत्तर कॅरोलायनातल्या मोहिमेत संदेशवहनाच्या तुकडीत त्यांनी काम केले. झेंड्यांच्या आणि दिव्यांच्या खुणांनी निरोप पोचवायचे हे काम. तिथे ते आजारी पडून परतले. बरे झाल्यावर पुन्हा आघाडीवर जायची तयारी होती, पण युद्ध खात्याने त्यांना दुसरीकडेच बसवले.

युद्धाच्या धामधुमीत सरकारी पैशाची लूट चालली होती. नव्या रंगरुटांच्या राहण्याजेवणाची बिले ठेकेदार फुगवून लावत. कोणी कोऱ्या बिलांवर आधीच सह्या घेऊन ठेवी आणि आकडे मागाहून भरी. ऑल्कॉट यांना खात्याचे विशेष आयुक्त नेमले गेले आणि त्यांनी असे एक मोठे प्रकरण न्यूयॉर्कमध्ये उघडकीला आणले. त्यातला व्यापारी वजनदार होता, दबाव आणून पाहिला गेला, पण खटला उभा राहिला आणि व्यापारी तुरुंगात गेला. नंतर आरमाराच्या गोद्यांतले गैरव्यवहारही त्यांनी तपासले. एप्रिल १८६५ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा खून झाला, तेव्हा त्या तपासातही त्यांचा सहभाग होता.

कर्नल हा हुद्दा या कामातून आलेला आहे. ऑल्कॉट यांनी रणांगणावर कधी पलटणीचे नेतृत्व केले नाही. त्यांची लढाई बिले, पावत्या, साक्षी आणि हिशेबाच्या वह्या यांच्याशी होती. हे समजल्यावर काहींचा हिरमोड होईल. मला मात्र हे ऐकून माणूस अधिक जवळचा वाटला. आपल्या चळवळीत भाषणे करणाऱ्यांची वाण नाही. पावतीपुस्तक नीट ठेवणारा माणूस किती मोलाचा असतो, हे ज्याने जयंती मंडळाचा हिशेब सांभाळला आहे त्याला विचारा.

युद्धानंतर ते वकील झाले. विमा, जकात, महसूल या विषयांत चांगला जम बसला. पैसा आला, न्यूयॉर्कच्या क्लबांत ऊठबस सुरू झाली, पण घर आतून मोडत गेले. मेरी श्रद्धाळू ख्रिस्ती घरातली आणि नवऱ्याचे मन चर्चपासून केव्हाच सुटलेले. १८७४ साली घटस्फोट झाला. वर्ष तेच, जिथून त्यांच्या आठवणींचा पहिला खंड सुरू होतो. पान एक उघडण्याआधी त्यांनी घराचे दार लावून घेतले होते, असे मला वाटते.

त्याच वर्षी ते व्हरमाँट राज्यातल्या चिटेंडन इथल्या एका शेतघरात गेले. तिथे दोन भाऊ मृतात्मे प्रकट करून दाखवतात अशी बातमी होती आणि एका वर्तमानपत्रासाठी तिची शहानिशा करायची होती. त्यांनी खोल्या मोजल्या, भिंती ठोकून पाहिल्या, चोरवाटा शोधल्या, आणि शेवटी यात खोट नाही असा निर्वाळा दिला. फौजेतली खोटी बिले हुडकून काढणारा माणूस इथे फसला. त्यांच्या आयुष्यातली ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे श्रीलंकेतही ते हात फिरवून रोग बरे करण्याचे प्रयोग करत. त्यांचे कौतुक करताना हा भाग आपण सोयीने वगळतो.

याच शेतघरात १४ ऑक्टोबर १८७४ रोजी त्यांची मॅडम ब्लाव्हाट्स्की या रशियन बाईंशी गाठ पडली. (तारीख वाचून आपले कान टवकारतात, पण तो निव्वळ योगायोग.) वर्षभराने, १७ नोव्हेंबर १८७५ रोजी, थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली आणि ऑल्कॉट तिचे पहिले अध्यक्ष झाले. ते मरेपर्यंत त्या पदावर होते. पानदुरच्या वादविवादाचा छापील वृत्तान्त अमेरिकेत त्यांच्या हाती पडला आणि गुणानंद व सुमंगल या भिक्खूंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. बुद्धाच्या देशाची ओढ अशी लागली. डिसेंबर १८७८ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली. दोन्ही मुलगे तेव्हा विशीच्या आत होते आणि तिकडेच राहिले.

या गृहत्यागाची तुलना सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाशी करायचा मोह होईल. मी ती करणार नाही. राहुल पुढे पित्याच्या संघात आला, यशोधरेलाही धम्मात जागा मिळाली. मेरी ऑल्कॉट आणि तिच्या मुलांच्या बाबतीत तसे काही घडले नाही. चळवळीसाठी घर सोडणाऱ्या पुरुषाच्या चरित्रात मागे राहिलेल्या बाईचे पान बहुधा कोरेच असते. आपल्याकडे रमाईमुळे निदान ते पान आपण वाचायला शिकलो.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी ऑल्कॉट मुंबईत अपोलो बंदरावर उतरले आणि वाकून त्यांनी पायरीच्या दगडाचे चुंबन घेतले. भारावलेपण फार टिकले नाही. ज्या यजमानाने आदरातिथ्य केले त्यानेच मागाहून लांबलचक बिल पुढे ठेवले, त्यात स्वागतसभेच्या खुर्च्यांचे भाडेसुद्धा होते. खोट्या बिलांचा तज्ज्ञ मुंबईच्या पहिल्याच मुक्कामात असा चाट पडला. मग गिरगावात बिऱ्हाड, पुढे ब्रीच कँडीला बंगला. रशियन हेर असल्याच्या संशयाने पोलीस काही काळ मागावर होते. या मुंबईच्या वर्षांत त्यांची ऊठबस राहिली ती मुख्यतः इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीयांत आणि पारशी मंडळींत. दयानंद सरस्वतींच्या आर्य समाजाशी युती झाली आणि १८८२ मध्ये मोडलीही. पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन करून तेव्हा सहा वर्षे झाली होती. पण भारताचे अध्यात्म शोधायला आलेल्या या पाहुण्याचा रस्ता दुसऱ्याच आळीतून गेला.

मे १८८० मध्ये ते श्रीलंकेत गाले बंदरावर उतरले. २५ मे रोजी तिथल्या विजयानंद विहारात त्यांनी आणि ब्लाव्हाट्स्कींनी हजारो लोकांसमोर त्रिसरण-पंचशील घेतले. इंग्रजी अमलाखालच्या त्या बेटावर शिक्षण मिशनऱ्यांच्या हाती होते आणि बौद्धांच्या स्वतःच्या आधुनिक शाळा बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. आता आधीची बेचाळीस वर्षे कामाला आली.

लहानपणी पाठ केलेली प्रश्नोत्तराची पद्धत त्यांनी उचलली आणि बुद्धिस्ट कॅटेकिझम हे छोटे पुस्तक लिहिले. ते सिंहली आणि इंग्रजीत जुलै १८८१ मध्ये निघाले आणि पुढे जगातल्या अनेक भाषांत गेले. सुमंगल महाथेरांनी ते शब्दन् शब्द तपासले. निर्वाणाच्या व्याख्येवरून तर मान्यता अडायची वेळ आली होती, तेव्हा कर्नलना आपले म्हणणे मागे घ्यावे लागले. धम्म काय हे भिक्खू ठरवणार आणि तो मुलांपर्यंत कसा न्यायचा हे कर्नल सांगणार, अशी ही वाटणी होती.

शिक्षण निधीसाठी ते गावोगाव हिंडले, स्वतः आखणी करून बनवून घेतलेल्या बैलगाडीतून. त्यांना रस्त्याचा, शेताचा, खेड्यातल्या मुक्कामाचा कंटाळा नव्हता, ओहायोने तो घालवला होता. जमलेला पैसा विश्वस्तांच्या ताब्यात राहील आणि त्याचा हिशेब राहील, यावर त्यांचा कटाक्ष होता. १८८३ च्या ईस्टरला कोलंबोत कोटहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर कॅथलिक जमावाने हल्ला केला आणि गुन्हेगारांना शिक्षा झाली नाही. तेव्हा कर्नल बौद्धांचे गाऱ्हाणे घेऊन १८८४ मध्ये थेट लंडनला वसाहत खात्याकडे गेले. इथे वकिली उपयोगी पडली. १८८५ पासून वैशाख पौर्णिमेला सरकारी सुट्टी मिळाली आणि त्याच वर्षी २८ एप्रिलच्या पौर्णिमेला कोटहेनाच्या विहारात पंचरंगी ध्वज पहिल्यांदा चढला. तो चढवला गुणानंद भिक्खूंनी. पुढच्या वर्षी कोलंबोत जी शाळा निघाली, तीच आजचे आनंद महाविद्यालय.

इथपर्यंतचे कर्नल श्रीलंकेतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतात. आपल्याशी अधिक जवळची गोष्ट मद्रासेतली आहे. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे मुख्यालय मुंबईहून मद्रासजवळ अड्यारला गेले. आवाराच्या शेजारीच ऊरूरची वस्ती होती. तिथे परैयर लोक राहत, ज्यांना तेव्हा पंचम म्हणत. चार वर्णांच्या बाहेरचे ते पाचवे. त्यांच्या मुलांसाठी कर्नलनी पहिली मोफत शाळा काढली ती १८९४ साली.

बारा वर्षे लागली. जॉन ब्राऊनची फाशी ज्याने जवळून पाहिली, त्याला कुंपणापलीकडची गुलामी दिसायला बारा वर्षे लागावीत? मला वाटते, याचे उत्तर त्यांच्या सोबत्यांत आहे. सगळ्या धर्मांचे मूळ एकच, वेदही थोर आणि बुद्धही थोर, असे मानणाऱ्या मंडळींत जातीचा प्रश्न टेबलावर येतच नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत जी रेघ ओढली ती ऑल्कॉट यांना कधी ओढता आली नाही.

पण एकदा दिसल्यावर त्यांनी नजर फिरवली नाही. वय साठीच्या पुढे गेलेले, संस्थेत भांडणे, तरी पंचमांच्या आणखी शाळा निघाल्या. १८९८ साली पंडित अयोथी दास काही सहकाऱ्यांसह त्यांच्याकडे आले. आम्ही मुळातले बौद्ध आहोत, आमच्यावर अस्पृश्यता लादली गेली, आम्हाला आमच्या धम्मात परत जायला मदत करा, ही त्यांची मागणी होती. कर्नल त्यांना घेऊन श्रीलंकेला गेले आणि अयोथी दासांनी सुमंगल महाथेरांकडून पंचशील घेतले. परतल्यावर मद्रासच्या रॉयपेट्टा भागात शाक्य बौद्ध संघ उभा राहिला. नागपूरच्या दीक्षेआधी अठ्ठावन्न वर्षे. याच मद्रासच्या बौद्ध चळवळीतले प्रा. लक्ष्मी नरसू यांचे बौद्ध धम्मावरचे पुस्तक बाबासाहेबांनी १९४८ साली पुन्हा छापवून घेतले आणि त्याला प्रस्तावना लिहिली.

मागणी अयोथी दासांची होती, विचार त्यांचा होता, इतिहासाची मांडणी त्यांची होती. कर्नलनी ओळख करून दिली, प्रवासात सोबत केली, दार उघडून दिले. ध्वजाच्या बाबतीत झाले तेच इथेही. दोन्हीकडे त्यांची नेमकी जागा सांगितली तर ती लहान होत नाही.

१७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यारला त्यांचे निधन झाले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. कोलंबोत फोर्ट रेल्वे स्थानकासमोर त्यांचा पुतळा आहे आणि दर १७ फेब्रुवारीला श्रीलंकेत त्यांची आठवण काढली जाते. चेन्नईत बेझंट नगरला ऑल्कॉट मेमोरियल शाळा आहे. ऊरूरच्या त्या पहिल्या शाळेचीच ती पुढची वाट. तिथे आजही गरिबाघरची मुले शिकतात.